वजनकाटा काढा, चिमटा राहू द्या

मुंबईत गळ टाकणाऱ्यांमध्ये लिप ग्रिपरचा, म्हणजे माशाचा जबडा धरायच्या चिमट्याचा, विषय निघाला की तीन पक्ष पडतात. पहिल्याच्या मते ज्याच्या कमरेला ग्रिपर लटकतो तोच जबाबदार मासेमार, बाकीचे अडाणी. दुसऱ्याच्या मते ग्रिपर म्हणजे परत पाण्यात सोडायच्या माशाचा छळ. हात ओला करा आणि हातानेच धरा. तिसरा या दोघांना हसतो. मासा शेवटी कालवणातच जायचा, तर त्याच्या जबड्याची एवढी चिंता कशाला? तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, तरी वाद पुढे सरकत नाही, कारण तिघेही ‘ग्रिपर चांगला की वाईट’ याच प्रश्नाला चिकटून बसलेत. माझ्या मते या अवजारात दोन वेगळ्या वस्तू एकत्र जोडलेल्या आहेत : पुढचा चिमटा आणि दांड्यातला स्प्रिंगचा वजनकाटा. चिमटा कामाचा आहे, मुंबईच्या किनाऱ्यावर तर फारच. नुकसान करतो तो वजनकाटा. वजन बघायचं तर मासा उभा टांगावाच लागतो, आणि टांगणं हाच खरा गुन्हा आहे.

ज्यांनी ग्रिपर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक नळीसारखा दांडा, त्याच्या पुढच्या टोकाला आत वळलेले दोन जबडे, आणि ते उघडण्यासाठी मागे ओढायची कडी किंवा घोडा. सोडलं की स्प्रिंगने जबडे मिटतात. चांगल्या ग्रिपरमध्ये जबड्यांचा भाग दांड्याभोवती पूर्ण गोल फिरतो, म्हणजे माशाने गिरकी घेतली तर चिमटा त्याच्याबरोबर फिरतो, जबडा पिळवटत नाही. अमेरिकेतल्या ज्या बोगा ग्रिपची नक्कल आज जगभर होते, तो 15, 30 आणि 60 पौंडांच्या मापांत मिळतो, म्हणजे त्याची ओळखच मुळी किती वजन तोलतो यावरून. याउलट प्लास्टिकचे स्वस्त ग्रिपर असतात : रुंद, चपटे जबडे, पाण्यावर तरंगणारे, वजनकाटा नसलेले. दुकानात त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. ते दिसायला खेळण्यासारखे असतील, पण माशाच्या दृष्टीने अनेकदा तेच बरे, कारण रुंद जबड्याखाली दाब पसरतो आणि अरुंद धातूच्या टोकाखाली तो एका जागी एकवटतो.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करून टाकतो. ग्रिपरने इजा होते, आणि हे ऐकीव नाही. बहामाजमध्ये बोनफिश या माशावर झालेला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. पाण्यातच ग्रिपरने धरून ठेवलेल्या माशांपैकी 80 टक्के माशांच्या तोंडाला इजा झाली; पाण्याबाहेर काढून धरलेल्यांपैकी एकही इजेतून सुटला नाही. जिभेखालचा पडदा फाटणं, जबड्यापासून मांस सुटणं अशा या इजा होत्या. पुढच्या 48 तासांत त्यामुळे मासे मेले नाहीत, हे खरं. पण तोंड फाटलेला मासा दोन दिवस जगला म्हणजे पुढे धड खाऊ लागला, असं कोण म्हणेल? आपल्या अधिक जवळचा प्रयोग ऑस्ट्रेलियातला, 2009 साली प्रसिद्ध झालेला. तो बारामुंडीवर झाला. बारामुंडी म्हणजे आपला जिताडा. साहेबाकडे काम अडलं की रायगडातून ज्याची आवर्जून पाठवणी व्हायची, तोच. तिथेही ग्रिपरमुळे जबड्याखालच्या पडद्याला भोकं पडली, आणि टांगलेल्या माशांच्या क्ष-किरण चित्रांत मणक्यांच्या ठेवणीत फरक दिसला.

मणक्यांपर्यंत हे का जातं? पाण्यात माशाला स्वतःचं वजन जवळजवळ जाणवतच नाही. पोटातला वाताशय, घोळ माशात ज्याला बोत म्हणून सोन्याचा भाव येतो तोच अवयव, शरीर तोलून धरतो. त्यामुळे माशाचा सांगाडा आडव्या हालचालीसाठी घडलेला आहे, उभा भार पेलण्यासाठी नाही. पाच किलोचा जिताडा ग्रिपरने उचलला की ते पाचही किलो खालच्या जबड्याच्या सांध्यावर आणि कल्ल्यांखालच्या चिंचोळ्या मांसल पट्टीवर येतात. त्यात त्याने एक झटका दिला की भार क्षणभर कितीतरी वाढतो. वरून आतडी, यकृत, अंडाशय सगळं शेपटीकडे घसरतं. जिताड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी या वादात कुणीच काढत नाही. जिताडा आधी नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी जो सर्वांत मोठा, सर्वांत जड मासा टांगावासा वाटतो, ती बहुधा अंडी देणारी मादी असते. मासा जितका मोठा, तितकं टांगणं घातक आणि तितकाच तो खाडीला मोलाचा. ग्रिपरवर किलो दाखवणारा आकडा वाढत जातो तसा गुन्हाही वाढत जातो.

मग हाताने धरणारे बरोबर का? पवई तलावाच्या काठावर कटला-रोहू धरताना बऱ्याच अंशी बरोबर. पण तोच उपदेश मरीन ड्राइव्हच्या चौपायी दगडांवर, बॅंडस्टँडच्या खडकांवर किंवा वसई खाडीच्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाला करताना जरा विचार करावा. एक, आज खाडीत बहुतेक जण कृत्रिम आमिष, म्हणजे लूर वापरतात. एका लूरला तीन तोंडांचे दोन गळ. एक माशाच्या तोंडात, दुसरा मोकळा. ओल्या हाताने जबडा धरला आणि माशाने मान झटकली की मोकळा गळ तुमच्या अंगठ्याच्या मांसात, आणि तुम्ही नि मासा एकाच धातूने एकमेकांना जोडलेले. दोन, जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा पात्यासारखी असते. कल्ल्याजवळून धरायला गेलं की बोट कापतं. तीन, शिंगाळा. त्याच्या पाठीवर एक आणि छातीच्या दोन परांत एकेक असे तीन करवती काटे असतात, त्यांना विष असतं, आणि ते आत जाताना जेवढं फाडतात त्याहून जास्त बाहेर निघताना. तांबोशीचे सुळे, करलीचे दात, हेकरूच्या पाठीचे काटे यांची गोष्टच नको. आणि ओहोटीला शेवाळलेल्या दगडावर एका हातात रॉड, दुसऱ्यात बुळबुळीत मासा घेतलेला माणूस घसरला तर? हातातून निसटलेला मासा सिमेंटवर आपटतो, त्याचा बुळबुळीत थर आणि खवले खरवडले जातात, पाण्यापर्यंत पोचायला त्याच्या चार कोलांट्या होतात. ती इजा जबड्याखालच्या भोकापेक्षा कमी, असं कुठल्या अभ्यासात लिहिलंय?

काटा लागलाच तर काय, हेही इथेच सांगतो, कारण वाद घालणाऱ्यांत हे ठाऊक असलेले कमीच. शिंगाळा किंवा पाखटाचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या कढत पाण्यात, साधारण 40 ते 45 अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने पाण्याचा अंदाज घ्यायचा. दुखऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. उष्णतेने विषाचा जोर ओसरतो, बर्फाने नाही. मग धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहतो. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याने तर ‘मिठाच्या पाण्याने बरं होईल’ म्हणत घरी बसू नये. कोमट समुद्रातले व्हिब्रिओ जातीचे जिवाणू अशा माणसाच्या जखमेतून काही तासांत पसरू शकतात.

म्हणून ग्रिपर हवा. पण तो वापरायचा कसा, यातच सगळं आहे. मासा काठाशी आणताना त्याला पार थकवायचं नाही; त्यासाठी दोरा आणि रॉड माशाच्या मानाने दणकट हवेत. मासा पाण्यातच असताना, दोरा हलका ताणलेला ठेवून, समोरून ग्रिपर आणायचा. एक जबडा तोंडाच्या आत, एक बाहेर, आणि पकड खालच्या जबड्याच्या पुढच्या हाडाळ कडेवर. जिभेखालचा जो मऊ पडदा दिसतो त्यावर चिमटा बसला तर भोक ठरलेलंच. पकड बसली की लगेच उचलायचं नाही. मासा बहुतेक वेळा एक जोराची गिरकी घेतो. ती त्याला पाण्यातच घेऊ द्यायची, दांडा हातात सैल ठेवून. तो शांत झाला की लांब चोचीच्या पकडीने गळ काढायचा, तोही शक्यतो पाण्यातच. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून चपटा केलेला असेल तर हे काम पाच सेकंदांचं, नसेल तर झटापटीचं. मासा वर घ्यायचाच असेल तर दुसरा हात ओला करून पोटाखाली, छातीच्या परांच्या किंचित मागे, आणि मासा आडवा. भार त्या हातावर. ग्रिपरचं काम फक्त डोकं स्थिर ठेवण्याचं. माशाने झटका दिला तर आवळून धरायचं नाही, खाली पाण्यात न्यायचं. ग्रिपरची दोरी मनगटाला बांधू नये, हेही सांगायला हवं. शिंगाळ्याने किंवा मोठ्या हेकरूने हिसका दिला तर दांडा सुटलेला परवडतो, दगडावरचा तोल गेलेला परवडत नाही. आणि घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुणं. खाऱ्या हवेत स्वस्त ग्रिपरची स्प्रिंग महिन्या-दोन महिन्यांत गंजते, कडी अडकते, आणि मग चिमटा माशाच्या तोंडात असताना उघडत नाही. त्या क्षणी ओढाताण करून जे होतं ते कुठल्याही टांगण्यापेक्षा वाईट.

सगळ्याच माशांना हे लागू नाही, आणि ग्रिपरवाद्यांची चूक इथे आहे. जाड, हाडाळ जबड्याचे मासे, म्हणजे जिताडा, हेकरू, तांबोशी, शिंगाळा, गोड्या पाण्यातला मरळ, हे ग्रिपरचे मासे. महाशीर, कटला, रोहू यांचे ओठ मांसल आणि पुढे येणारे असतात. तिथे चिमटा म्हणजे फाटणं. बोय आणि रावस यांचंही तोंड नाजूक. त्यांच्यासाठी बिनगाठीचं, रबरी आसांचं (आस म्हणजे जाळ्याचं भोक) लँडिंग नेट आणि ओला हात. वाम ग्रिपरभोवती स्वतःला गुंडाळून पिळते आणि स्वतःचाच जबडा मोडून घेते. तिला पाण्यातच सोडवावी, नाहीतर दोरा तोंडाजवळ कापावा. मुशी आणि पाखट यांच्या बाबतीतही दोरा कापणं हेच शहाणपण. मुशीच्या काही जाती कायद्याने संरक्षित आहेत, आणि टांगलेल्या संरक्षित माशाचा फोटो हा स्वतःविरुद्धचा पुरावाच.

ग्रिपरविरोधकांचा आणखी एक मुद्दा मला खोडता येत नाही, फक्त वळवता येतो. ग्रिपरने खोटा आत्मविश्वास येतो. मासा हातातून सुटणार नाही याची खात्री पटली की माणूस घाई सोडतो : फोटो, मग मित्राचा फोटो, मग व्हिडिओ. इंद्रधनुषी ट्राउटवर कॅनडात झालेला 1992 चा प्रयोग यासाठी डोळे उघडणारा आहे. दमवलेल्या पण हवेत न काढलेल्या माशांपैकी 12 टक्के मेले. दमवून 30 सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 38 टक्के. एक मिनिट ठेवलेल्यांपैकी 72 टक्के. तो थंड पाण्यातला मासा, जिताडा वेगळा, हे कबूल. पण कल्ल्यांचे पापुद्रे हवेत एकमेकांना चिकटतात हे दोघांनाही सारखंच लागू आहे, आणि मे महिन्यात 30 अंशांच्या आसपास तापलेल्या खाडीच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. मग दोष चिमट्याचा की घड्याळाचा? मासा वर घेताना आपणही श्वास रोखावा; आपल्याला जड गेलं की मासा पाण्यात. पण मिनिटभर रेंगाळायला लावणारं सगळ्यात मोठं कारण कोणतं, हे पाहिलं की बोट पुन्हा दांड्याकडेच जातं. वजनाची सुई थरथरत असते, मासा फडफडत असतो, आकडा स्थिर होईपर्यंत सगळे वाकून बघत असतात.

खाण्यासाठी धरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कोळीवाड्यांनी शतकानुशतकं ग्रिपरशिवाय मासे हाताळले. शिंगाळ्याचे काटे आधी मोडून मग पाटीत टाकायचे, हे तिथल्या पोरालाही कळतं. मात्र त्यांना मासा सोडायचाच नसतो, आणि ते तीन तोंडांच्या गळांनी खेळत नाहीत. शिवाय ‘सोडणं’ ही काही साहेबांची थेरं नाहीत. संरक्षित जीव जाळ्यात आला आणि जाळं कापून तो सोडला तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने 2018 पासून चालवली आहे. 2023 साली 54 जातींसाठी धरण्याजोगा किमान आकारही ठरवला गेला. आणि मासा खायचाच असेल तर ग्रिपरचं काम वेगळं आहे, पण आहेच : चिमट्याने डोकं स्थिर धरा, डोळ्यांच्या किंचित मागे वरून एक ठाम टोला, मग कल्ल्यांखालची शीर कापून रक्त वाहू द्या आणि ताबडतोब बर्फात. तासभर उन्हात दोरीला फडफडत ठेवलेल्या माशाच्या मांसात आम्ल साठतं, ते मऊ पडतं. सुरमई-बांगड्यात तर उन्हात हिस्टामिन वाढतं, आणि मग अंगावर पित्त उठतं तेव्हा दोष मसाल्याला दिला जातो. कालवण चांगलं व्हावं असं वाटणाऱ्यानेसुद्धा मासा टांगू नये.

अवजारावरून भांडायची ही आपली पहिली वेळ नाही. यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हाही वाद ‘ट्रॉलर हवा की नको’ असाच होता. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने तो प्रश्न किनाऱ्यापासून किती अंतरावर, कुठल्या काळात, केवढ्या आसाच्या जाळ्याने असा फोडला. अंमलबजावणीबद्दल न बोललेलं बरं, पण प्रश्न विचारायची रीत बरोबर होती. वजनाचं वेड मात्र त्याहून जुनं आहे. इंग्रजांच्या काळात महाशीर धरला की काठीला टांगून, वजन करून, शेजारी उभं राहून फोटो. काबिनी नदीतला 1946 चा 120 पौंडी महाशीर आजही पौंडांतच आठवला जातो. वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो आपण अडगळीत टाकले, माशाचा टांगलेला फोटो मात्र अजून मिरवतो. आणि दुसरी परंपरा? महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात महाशीर वरदायिनी देवीचे म्हणून राखले जातात. लोक त्यांना खाऊ घालतात, हाताच्या अंतरावरून बघतात. सगळ्यांनी तसंच वागावं असं मी म्हणत नाही. गळ टाकण्यातली मजा खरी आहे. पण मासा मोठा होता हे पटवायला किलोच लागतात, हा समज आपल्या मातीतला नाही, एवढं त्यावरून कळतं.

किलो पाहिजेतच असतील, तर ते टांगल्याशिवायही मिळतात. ओल्या कापडी झोळीत मासा आडवा ठेवून झोळी वजनकाट्याला अडकवा, मग रिकाम्या ओल्या झोळीचं वजन वजा करा. त्याहून सोपं म्हणजे टेप. लांबी आणि सगळ्यात जाड जागेचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 29,000, की अंदाजे किलो. 70 सेंटिमीटर लांब, 45 सेंटिमीटर घेराचा जिताडा म्हणजे 4.9 किलो. पाच सेकंदांचं माप आणि मासा परत पाण्यात. हे गणित करायला कुणाला जड जात असेल तर त्याने फोनमधला कॅल्क्युलेटर काढावा; फोन तसाही फोटोसाठी बाहेर असतोच. स्पर्धा भरवणाऱ्यांना तर ग्रिपरवरचं वजन मान्य न करण्याचा नियम आज, एका ओळीत करता येईल : ओल्या मोजपट्टीवर आडव्या ठेवलेल्या माशाची लांबी, तीच नोंद. दुकानदारांनीही बिनकाट्याचे ग्रिपर समोरच्या फळीवर ठेवावेत.

उंच धक्क्यांवर मात्र या सगळ्या वादाला अर्थच उरत नाही. मोठ्या उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. ओहोटीला धक्क्यावरून पाणी इतकं खाली असतं की वीतभर दांड्याचा ग्रिपर तिथे पोचूच शकत नाही, आणि मग ग्रिपरवर तावातावाने बोलणारे दोन्ही पक्ष मासा दोऱ्याला टांगून, सगळा भार एका गळावर देत, वर ओढतात. तिथे लागतं ते दोरीने खाली सोडायचं गोल जाळं : कडी लोखंडाची, जाळी बिनगाठीची, तळाला थोडं वजन म्हणजे ते पाण्यावर तरंगत न राहता बुडेल. एकाने रॉड धरायचा, दुसऱ्याने जाळं माशाखाली सरकवून सरळ वर घ्यायचं. एकट्याने गळ टाकणाऱ्याने अशा धक्क्यावर मोठा मासा सोडायच्या इराद्याने धरूच नये, दुसरा माणूस आधी शोधावा.